बाबांची कँडीची पानं

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. बाबा, आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. ट्रंकेतली कँडीच्या जाहिरातींची पानं मी अमेरिकेतून परत पाठवत नाहीये. दिवाळीपर्यंत पोचवते म्हणाले होते ते माझ्या लक्षात आहे, आणि तुम्हाला न विचारता ठरवलं हेही खरं. रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंक कपाटावर होती म्हणून वाचली, तरी तळाच्या गठ्ठ्याची वीट झाली. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. भिजला की तो सुटतो आणि वाळताना पानाला पान चिकटवून टाकतो. ओलं असतानाच पानं सुटी करायची, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये ठेवायची, एवढाच उपाय असतो. तेव्हा चिपळुणात वीज कुठे होती? तुमचं काही चुकलं नाही, बाबा. आणि पूर सोडा, आपल्याकडचे चार महिने पावसाची दमट हवा आणि कसर एवढं पुरेसं आहे.

दुसरं कारण त्या पारदर्शक पिशव्या. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, ते शाई ओढून घेतं. इथल्या लँबर्टव्हिलच्या जुन्या बाजारात तुम्ही घेतलेलं गोलित्झ कंपनीच्या कँडी कॉर्नचं (मक्याच्या दाण्यासारख्या तीनरंगी कँडीचं) झाकण बाहेर काढलं, तर त्यावरच्या कोंबड्याच्या तुऱ्याचा लाल रंग पिशवीला उलटा उमटलेला. तुरा फिकट झालाय, बाकी कोंबडा शाबूत आहे, खालची ‘समथिंग वर्थ क्रोइंग फॉर’ ही ओळही. आता प्रत्येक पान पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लमुक्त खोक्यात आडवं ठेवलंय. खोकी आमच्या खोलीतल्या कपाटात आहेत, तळघरात नाहीत. आर्द्रतेचा काटा आत ठेवलाय, ४० ते ४५ टक्के दाखवतो. सेलोटेप लावलेली पानं तशीच ठेवलीत. ओढून काढली तर छपाई सोबत येते, ते काम जाणकाराकडून करून घेईन.

तुम्हाला रिकाम्या हाताने बसवणार नाही. ४२ च्या ४२ पानं स्कॅन करून, ए-थ्रीवर मॅट कागदावर छापून पाठवतेय. ‘लाइफ’ मासिकाचं पान साडेदहा बाय चौदा इंच, साध्या स्कॅनरवर मावत नाही; दोन तुकड्यांत घेऊन जोडलंय. प्रत्येक पानामागे काळा कागद धरला, नाहीतर पाठीमागचा मजकूर आरपार दिसतो. ठिपक्यांची स्क्रीन सहाशे डीपीआयवर घेतली, म्हणून जाळी उमटलेली नाही. भिंग लावून बघा, रोझेट, म्हणजे रंगीत ठिपक्यांचं फूल, सुटा दिसेल. चुकलं असेल तर सांगा, पुन्हा करेन. क्रम तुमचाच ठेवलाय: युद्धाआधीचा गठ्ठा वेगळा, आणि जून १९४७ मध्ये इथलं साखरेचं रेशन उठल्यानंतरचा वेगळा. त्याआधी हॅलोविनला दारात खाऊ मागायला आलेल्या पोरांना सफरचंद, शेंगदाणे, घरचे मक्याचे लाडू नाहीतर नाणी मिळायची. वेष्टनातली कँडी हॅलोविनच्या जाहिरातींत भरली ती नंतर. हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या टेबलाखाली बसून टर्पेंटाइनचा वास घेत ऐकलेलं अजून आठवतं.

आता खाऊची यादी. बाबा, तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी एकही पाठवत नाहीये. कँडी कॉर्न तुम्हाला का आवडतं ते मला ठाऊक आहे. मक्याच्या स्टार्चमध्ये ठसे पाडून आधी पांढरं टोक, मग केशरी, मग पिवळं, असं तीनदा ओतायचं. तुमच्या छपाईच्या तीन रंगांच्या ब्लॉकसारखंच. पण त्यात जिलेटिन असतं आणि वरची चकाकी लाखेची. आईच्या देवघराशेजारच्या डब्यात ते नको. मेरी जेन म्हणजे शेंगदाणा-काकवीची चिवट वडी, ती तुमची कवळी उचकटेल. नेको वेफर्स २०२० पासून पुन्हा निघतात, चवही जवळपास तीच, पण ती निव्वळ साखर. नंतर कधीतरी मी आले की दोन चकत्या समोर बसून देईन.

त्याऐवजी स्मार्टीज, म्हणजे साखरेच्या छोट्या गोळ्यांचे रोल, पाठवतेय. न्यू जर्सीत १९४९ पासून बनतात तेच, सेलोफेनच्या गुंडाळीतले. लंडनहून कुणी स्मार्टीज आणले तर ते चॉकलेटचे निघतात, ते या कामाचे नाहीत. हे मुख्यतः डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच. तुमच्या बेबी रूथ चॉकलेटच्या पानावर पाच डिऑन बहिणींच्या (एकाच वेळी जन्मलेल्या पाचजणींच्या) चित्राशेजारी मोठ्या अक्षरांत जे ‘डेक्स्ट्रोज’ लिहिलंय, तेच. तिथे ते चॉकलेट-शेंगदाण्यात दडलेलं आहे, आणि स्निग्ध पदार्थामुळे रक्तात उशिरा पोचतं. तुम्हाला मागच्या महिन्यासारखा घाम फुटून हात थरथरला तर पेढा, चॉकलेट, चहा काही नको. तुमच्या मधुमेहाच्या नव्या गोळीत व्होग्लिबोज हे औषध आहे, त्यामुळे साधी साखरही हळू चढते. ग्लुकोजच लागतं.

आई, हे तू वाच आणि फ्रिजवर लाव. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की तीन रोल चावून खायला लाव. एका रोलमध्ये १५ गोळ्या, सुमारे ६ ग्रॅम साखर. १५ मिनिटांनी पुन्हा मोज. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तीन. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट दे. रोल संपले तर ग्लुकोजची पूड, तीन चमचे पाण्यात. बाबा नीट बोलत नसतील, गिळत नसतील तर तोंडात काहीही घालू नकोस, १०८ ला फोन कर. दोन रोल शर्टाच्या खिशात, दोन तुझ्या पर्समध्ये, दोन उशाशी ठेव. आणि बाबा, हा खाऊ नाही. डब्यातून येता-जाता उचलायचा नाही. पुढच्या भेटीला डॉक्टरांना खिशातला रोल दाखवा, आणि साखर उतरते म्हणून डोस कमी करायचा का ते विचारा, लाजू नका.

पानांच्या मागच्या बाजूही स्कॅन केल्यात, कारण तिथे तुमच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत: फोर्टचा फूटपाथ, आठ आणे. सतराव्या पानामागचं साल पुसट झालंय, ५८ की ६८ ते कळत नाही. प्रिंट हातात आली की उजेडात बघा आणि रविवारी फोनवर सांगा, पाकिटावर लिहायचं राहिलंय.

तुमची,
धाकटी