मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: ओठ शिवलात, दातांचं काय?

सप्रेम नमस्कार साहेब,

काल जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुन्हा हात हलवत आलो. लेकीच्या पुढच्या दातांना कॅप बसवायला गेलो होतो. काउंटरवरचा माणूस मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, हे कॉस्मेटिक आहे, योजनेत बसत नाही. आणि शिबिरात तुमच्याच खात्याच्या साहेबांनी माईकवरून सांगितलेलं, अठरा वर्षांपर्यंत सगळं फुकट. टाळ्या पण आम्हीच वाजवल्या.

कॉस्मेटिक म्हणजे काय हो? नऊ वर्षांची पोर आहे. जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेला, ऑपरेशनं फुकट झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण फटीला लागून जे दात आले त्यांच्यावर एनॅमलच, म्हणजे दातावरचं कडक कवचच, धड नाही, पिवळे-तपकिरी, खड्डे पडलेले, कडेने टवके उडतात. माठातलं पाणी लागलं तरी कळ जाते म्हणून मान तिरकी करून एका गालाने पिते. दातांच्या मॅडमनी समजावलं की कायमच्या पुढच्या दातांवर एनॅमल चढायला बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच सुरुवात होते, व्यंग नेमकं तिथेच आणि ओठाचं ऑपरेशनही त्याच सुमाराला, म्हणून दात हिरडीच्या आतच कच्चा राहू शकतो आणि एनॅमल काही पुन्हा येत नाही. तरी शाळेत बाई सगळ्यांसमोर म्हणतात, ब्रश करत जा गं. आधी सासूबाई ग्रहणात विळी धरलीस म्हणून मला बोलायच्या, आता हे!

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे ना? त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे, किडलेले दातही आहेत. मग दोन्ही एकाच पोरीच्या तोंडात आले की आम्ही कुठल्या रांगेत उभं राहायचं? सातशे जन्मांमागे एक असं बाळ म्हणतात, म्हणजे आपल्या राज्यात वर्षाला दोन-अडीच हजार तरी होतील, तुमच्याकडे खरा आकडा असेल तर सांगा. शिवलेला ओठ बॅनरवर छान दिसतो, खड्डे पडलेला दात कोण छापणार? योजना एकाने काढायची, यादी दुसऱ्याने करायची आणि नाही म्हणायला तिसरा बसवायचा, रेशनला तेच, पीकविम्याला तेच, आणि वर आम्हालाच म्हणायचं जागरूक व्हा.

सर्जन आणि दातांचे डॉक्टर एका दिवशी एका ठिकाणी भेटतील एवढं करा. पुढे सुळा यायच्या आत तिच्या हिरडीतल्या फटीत हाड भरायचंय. तेही कॉस्मेटिक आहे का ते आत्ताच लेखी कळवा, एसटीचं भाडं तरी वाचेल.

एक आई