रकान्यावर आडवी रेघ मारणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चारचौघांत केलेलं कौतुक तुम्हाला खपत नाही, हे मागच्या खेपेला पेढे आणले तेव्हाच कळलं. पुडा उघडून तुम्ही तो बाकावरच्या बायकांत फिरवलात आणि आम्हाला म्हणालात, "पेढ्यांचं ऱ्हाऊ दे, लसीच्या तिसऱ्या डोसाची तारीख ध्यानात ठेवा." तरीही लिहितेय. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने काकूला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. घरात तिचा विषय निघाला की एकेक जण उठून कामाला लागतो. तुमच्याबद्दल मात्र सगळे बोलतात, अगदी काकासुद्धा.

काकूचं तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. कोकणातल्या बायका दुखणं लपवतात, असं सगळे म्हणतात. काकूने लपवलं नव्हतं. आधी घरात सांगितलं, मग तालुक्याच्या एका बड्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खुर्चीतून न उठता "उष्णता आहे" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. त्या संपल्या तेव्हा दुसऱ्या दिल्या. टेबलावर घेऊन एकदाही तपासलं नाही. पुढे तिला मुंबईला टाटाला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

विषाणूची लागण झाल्यापासून पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, हे मला तुमच्याकडून कळलं. तेवढ्या काळात हापूसचं कलम लावून त्याचे आंबे पेट्या भरभरून वाशीला जातात. आणि इतक्या वर्षांत आमच्या काकूकडे कुणी एकदा बघू नये? हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो हे शोधून काढणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. आमच्या तालुक्यात अजून उष्णताच चालू आहे.

काकूचे दिवसकार्य झाल्यावर चुलतबहीणच म्हणाली, आपण दोघींनी या एचपीव्हीवरची लस घेऊया. ती २२ वर्षांची, मी २४. आधी गेलो ते जवळच्या एका दवाखान्यात. काउंटरवरच्या बाईंनी बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लग्न झालंय का? नाही? मग ही लस कशाला हवी तुम्हाला?" बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आत गेलो तर डॉक्टर म्हणाले, "लग्नानंतर बघू, घाई काय आहे?" म्हणजे बरोबर उलटं! बाकावर आमच्या वाडीतली एक काकी बसलेली होती. आम्ही एसटीतून उतरायच्या आत बातमी वाडीत पोचली. "लगीन झाला नाय अजून, आणि तेका कसली ती सुई व्हयी?" हे आईला विहिरीवर ऐकावं लागलं.

त्यानंतर बहीण कुठे यायलाच तयार नव्हती. कणकवलीला तुमच्याकडे आणलं ते मी जवळजवळ ओढत. तुम्ही फॉर्म पुढे केलात. छापील फॉर्म, सगळीकडे असतो तसाच: नाव, वय, पत्ता आणि चौथ्या ओळीत 'विवाहित / अविवाहित'. बहिणीचं पेन तिथे येऊन थांबलं. ती वर बघेना, खाली लिहीना. तुम्ही काही न बोलता तिच्या हातातलं पेन घेतलंत, त्या रकान्यावर एक आडवी रेघ मारलीत आणि पेन परत तिच्या हातात दिलंत. मग माझ्या फॉर्मवरही मारलीत. "वय बरोबर लिहा. डोस वयावर ठरतात, बाकी कशावर नाही."

एवढंच. त्या एका रेघेसाठी हे पत्र आहे. पुढचं सगळं तुमच्या नोकरीचा भाग होता असं तुम्ही म्हणाल आणि मी ते मान्यही करेन, पण ती रेघ मारायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग दार लोटून घेतलंत आणि घाटावरच्या तुमच्या त्या ठसक्यात, पण हळू आवाजात सगळं सांगितलंत. पोटात मूल असण्याची शक्यता असेल तर डोस पुढे ढकलतात, म्हणून तेवढं विचारलंत, तेही एकेकीला वेगळं घेऊन. ९ ते १४ वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात, १५ च्या पुढे तीन. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून त्याच्या आधी लस घेतलेली सगळ्यात चांगली, पण नंतर घेतली म्हणून फुकट जात नाही. सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस पुण्यातच बनते, २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली, हेही तुम्हीच सांगितलंत. टोचून झाल्यावर चक्कर येऊ शकते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवलंत.

त्या पंधरा मिनिटांत बहिणीने तो प्रश्न विचारला. घरात कुणाला विचारता आला नव्हता, कारण वाडीत कुजबुज सुरूच होती. "सिस्टर, आईला हा आजार कुणामुळे झाला?" मला वाटलं आता रडारड होणार. तुम्ही ट्रे आवरता आवरता म्हणालात, "ते कुणालाच सांगता येत नाही, आणि शोधायचंही नाही. एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बाईलाही होतो. हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, कळतसुद्धा नाही. काहींच्या अंगात तो टिकून राहतो, ते त्यांचं नशीब. त्यात चारित्र्याचा काय संबंध?" सर्दीपडशाबद्दल बोलावं तसं बोललात. बहीण त्या रात्री किती महिन्यांनी जेवली, ते मी बघितलंय.

आई नुसती सोबतीला आली होती. तिचं वय विचारलंत आणि म्हणालात, लस लेकींना, तुमची तपासणी. लसीने विषाणूचे सगळे प्रकार अडत नाहीत; १६ आणि १८ हे दोन प्रकार दहापैकी सात रुग्णांना जबाबदार असतात, उरलेल्यांसाठी तिशीनंतर तपासणी हवीच, लस घेतलेल्यांनाही. आईने नाही नाही म्हणताना माशांपासून सुनेपर्यंत सगळी कारणं पुढे केली (आम्हाला अजून वहिनी नाही). तुम्ही ऐकलं नाहीत. पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून बघायची साधी तपासणी, उरकलीसुद्धा पटकन. काही निघालं नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "एवढाच? मग आमच्या जावेक कोणी ह्या करूक सांगला नाय तां?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

नंतर मी वाचलं. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास केला होता. ज्या वस्त्यांत हीच तपासणी झाली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात जवळपास ८० हजार बायका या आजाराने गेल्याचा अंदाज आहे. भिंतीवर पदव्यांच्या फ्रेमा लावलेल्या माणसाला जे जमलं नाही, ते दहावी झालेल्या बाईला जमतं. मग अडलंय कुठे?

माणूस चांगला आहे हे कशावरून ओळखावं, याचा मी हल्ली फार विचार करते. मदत करणारे पुष्कळ भेटले. टाटाच्या फेऱ्यांमध्ये तर पैशांपासून डब्यापर्यंत लोकांनी केलं, त्यांचं ऋण आहेच. पण बहुतेकांना बदल्यात थोडी माहिती हवी असायची: कसं झालं, कधीपासून होतं, मुलीचं आता काय. रात्रीच्या शेवटच्या गाडीचा एक कंडक्टर होता, काकूला उलटी व्हायची म्हणून दाराजवळची सीट धरून ठेवायचा. त्याने कधी काही विचारलं नाही. आणि मग तुम्ही. मला वाटतं न विचारणं हे देण्यापेक्षा अवघड असावं, नाहीतर इतक्या कमी जणांना का जमतं?

बरं, आता कामाचं. विहिरीवर ज्यांनी आईला ऐकवलं, त्यांचीच नात १२ वर्षांची आहे. त्यांच्या सुनेने परवा मला गाठून हळूच विचारलं, कुठे जायचं, किती डोस, तिथे काय काय विचारतात. पुढच्या महिन्यात आमच्या तिसऱ्या डोसाला त्या दोघी आमच्याबरोबर येणार आहेत. सासूबाईही येते म्हणाल्यात. त्यांचं वय साठीच्या घरात आहे आणि त्यांनी कधीच तपासून घेतलेलं नाही. नाही नाही म्हणतील, पण आईला पटवलंत तसं त्यांनाही पटवा. पेढे आणत नाही, कोकम आगळ आणते. ते बाकावर वाटता येत नाही.

तुमची,
चौथ्या ओळीवर रेघ असलेल्या दोन फॉर्मांपैकी एक