‘रिस्पेक्टेड सर’ आणि हुकूम

महोदय,

भाचीने नोकरीच्या अर्जाचा इंग्रजी ईमेल माझ्याकडे तपासायला दिला. वर ‘रिस्पेक्टेड सर’, खाली ‘युवर्स ओबीडियंटली’ आणि मधे कामाचं एकच वाक्य : ‘सेंड मी द डिटेल्स.’ व्याकरणाची चूक एकही नाही. पण दोन्ही टोकांना लोटांगण आणि मधे हुकूम!

हे होतं, कारण आपला आदर क्रियापदात असतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवावे’ एवढ्यावर काम भागतं. इंग्रजीत ‘यू’ एकच आणि ‘सेंड’ही एकच. मग राहिलेला आदर आपण मायन्यात कोंबतो, नाहीतर दर ओळीला ‘काइंडली’ लावतो. इंग्रजी मात्र हुकमाचा प्रश्न करते : ‘कुड यू सेंड मी...?’ किंवा ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ...’ आपणही ‘जरा पाठवाल का?’ म्हणतोच की! शाळेत हे शिकवायला हवं. तिथे अजून औपचारिक आणि अनौपचारिक असे दोन साचे पाठ करून घेतात, तेही कागदी पत्राचे. ईमेलच्या माथ्यावर स्वतःचा पत्ता आणि तारीख लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. विषयाची ओळ मात्र कोरी.

ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ‘डिअर सर ऑर मॅडम’ने सुरुवात केली तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’, आडनाव घेतलं तर ‘युवर्स सिन्सिअरली’. हल्ली ‘काइंड रिगार्ड्स’ दोन्हीकडे चालतं. मित्राला लिहिताना यातलं काही नको. जिवलगाला ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहिलंत, तर तो विचारेल, रुसलास का?

खरी पंचाईत या दोन साच्यांच्या मधल्या ईमेलची, आणि कामाचे बहुतेक ईमेल मधलेच असतात. तिथे मी समोरच्याची सही बघतो. त्याने खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल, तर पुढच्या वेळी ‘हाय’ म्हणून त्या नावाने हाक मारायला हरकत नसते.

भाचीला ‘कुड यू’ लगेच पटलं. ‘ओबीडियंटली’ही तिने खोडलं. ‘रिस्पेक्टेड’च्या जागी ‘डिअर’ लिही म्हटल्यावर मात्र लाजली. म्हणाली, “मामा, अनोळखी माणसाला एकदम प्रिय?”

आपला विश्वासू,
एक वाचक