विषय: ब्लाइंड हेम फुटाचा सैल स्क्रू आणि तुमच्या प्रतिनिधीचा ‘घागरा’

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे लेखी.

शिलाई मशीनसोबत आलेल्या ब्लाइंड हेम फुटावरच्या (दुमडलेली कड बाहेरून टाके न दिसता शिवायचा पाय) पट्टीचा स्क्रू घट्ट राहत नाही. शिवताना पट्टी सरकते. मग सुई घडीचे एक-दोन धागे उचलायचे सोडून एकतर हवेत टाके घालते, नाहीतर इतकी आत शिरते की टाके दर्शनी बाजूला दिसतात.

मी एडिंबराला राहतो, घरी किल्ट (स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख) शिवतो. जड लोकरी टार्टनबद्दल (चौकडीचं स्कॉटिश कापड) तक्रार नाही. किल्टसाठी विणलेल्या त्या कापडाचा काठच पक्का असतो, दुमडावं लागत नाही. पॉलिव्हिस्कोसच्या कृत्रिम कापडाला आणि सुती ड्रिलच्या कापडाला तो काठ कुठून आणू? तिथे दुमडून शिवावंच लागतं. डेनिमवर मी १०० नंबरची सुई लावून सरळ टीप मारतो. सांध्यावर मशीन कण्हतं, पण ते जाऊ द्या. आठ वारी किल्टची खालची कड म्हणजे ७.३ मीटर, आणि ती चुण्या घालण्याआधी शिवायची असते. नंतर बिघडली तर उसवत बसा.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मशीन मॅडम वापरतात ना? त्यांना द्या फोन.” मी म्हटलं, मीच वापरतो. “काय शिवताय सर?” किल्ट. “म्हणजे?” तेही समजावलं. मग फोनवर हात ठेवून (ऐकू येतं बरं का) शेजारच्याला म्हणाला, “अरे, साहेब घागरा शिवतायत!” दोघं पोटभर हसले. परत येऊन सल्ला: “सर, लेडीज आयटमला हातानेच हेमिंग करा, फिनिशिंग भारी येतं.” ७.३ मीटर. हाताने. मग मशीन काय देव्हाऱ्यात ठेवू? वर इस्त्रीने चिकटणारी टेप सुचवली. एका चुणीत कापडाचे तीन थर, दुमडीमुळे सहा, त्यात टेप. असा किल्ट चालताना झुलेल की पुठ्ठ्यासारखा उभा राहील, हे तुमच्याच इंजिनिअरांना विचारा.

स्क्रू घट्ट राहत नाही. पुन्हा लिहितो, कारण फोनवर प्रत्येकाने हे पहिल्यांदाच ऐकल्याचा आव आणला.

आमच्या शाळेचे गणवेश आईने तुमच्याच काळ्या मशीनवर शिवले. त्या भरवशावर हे धूड पुण्याहून विमानातून आणलं. इथल्या दुकानांत जपानी मशीनं दिसत असताना. आता हसू माझंच येतं.

घट्ट बसणारा फूट पाठवा किंवा पैसे परत करा. आंतरराष्ट्रीय वॉरंटी तुमच्याच कार्डावर छापली आहे. बिल पुण्याचं आहे आणि पुण्यात जिल्हा ग्राहक आयोगही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मी वाचलाय, तुमच्या माहितीपुस्तिकेपेक्षा तो सोपा आहे.

ता.क. कॉल रेकॉर्ड होतो, असं तुमची टेप दर वेळी बजावते. आजचा काढून ऐका.