चौकातल्या कंदिलासाठी आधी दोऱ्या आणि हुक हवेत

वाडीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना, आणि वाडी सोडून वसई-विरारला, बदलापूरला, परदेशात राहायला गेलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे चौकातला मोठा कंदील एका अंगाला कलंडला आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यात अडकून राहिला. पोरं फटाके आणायला घरात गेली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. मागाहून शिडी लावून पाहिलं तर दोरी शाबूत होती. हुक उपटून आला होता. ज्या लाकडी खांबात तो बसवला होता, त्याच्या आत वाळवीने भुसा केलेला. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. वरून ऑईलपेंट मात्र चकचकीत. त्याच हुकाला आपण इतकी वर्षं दहीहंडीचा दोर बांधत आलो. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

यंदा कंदील होणार, आणि तो नुसता लटकणार नाही, माणसांशी बोलणार. कल्पना वाडीतल्याच कॉलेजच्या मुलांची. तळमजला आणि वरचे तीन मजले, अशा चारही मजल्यांच्या गॅलरीत घंटेला असते तशी एकेक दोरी येईल. एक दोरी ओढली की कंदिलाची एक बाजू त्या मजल्याच्या रंगात उजळेल. चारही मजल्यांनी एकाच वेळी ओढली, तरच सगळा कंदील पेटेल आणि झिरमिळ्यांतून उजेड खाली चौकापर्यंत उतरेल. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या एका आजींना गुडघ्यांमुळे कित्येक दिवाळ्या खाली उतरता आलेलं नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर ती दोरी बांधायची, हे मुलांनी सगळ्यांत आधी ठरवलं. मुलांनी पुठ्ठ्याचा छोटा नमुना करून दाखवला, तेव्हा आजींनी ती दोरी सोडलीच नाही.

दिव्यांचं काम मुलं करतील, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती टांगण्याची. कंदील १२ फूट उंच, वजन सुमारे ४० किलो. ४० किलो म्हणजे काय मोठंसं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण समोरासमोरच्या भिंतींत ३४ फुटांचं अंतर आहे. दोरी ताठ ओढून मधे जेमतेम २ फूट झोल ठेवला, तर ४० किलोच्या कंदिलापायी प्रत्येक बाजूच्या हुकावर १७० किलोंची ओढ येते. झोल ६ फूट दिला की तीच ओढ ६० किलोंवर येते. म्हणजे दोरी जितकी ताठ, तितका धोका जास्त. आणि आपण दर वर्षी ‘अजून ताण, अजून ताण’ म्हणून ओरडायचो!

वाऱ्याचा हिशेब तर याहून मोठा. परतीच्या पावसात ताशी ७० किलोमीटरची झोड आली, तर एवढ्या कंदिलाला आडवा रेटा त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त बसू शकतो. म्हणून तीन गोष्टी करायच्या आहेत. कापड अखंड न लावता मधे फटी सोडायच्या. कप्पी आणि हाताने फिरवायचं विंच बसवायचं, म्हणजे आभाळ भरून आलं की कंदील झटपट खाली घेता येईल. आणि दोन ऐवजी चार दोऱ्या, शिवाय एक वेगळी राखीव दोरी. एक सुटली तरी कंदील खाली येता कामा नये.

लाकडी खांबांना आता हात लावायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या, इमारतीचा भार पेलणाऱ्या भिंतींत आरपार बोल्ट टाकून आतून लोखंडी पट्टी द्यायची आहे. बोल्ट चार खोल्यांतून जाणार. त्या चारही बिऱ्हाडांनी लगेच होकार दिला, त्यांचे मनापासून आभार. जागा स्ट्रक्चरल इंजिनिअर तपासतील आणि त्यांनी लेखी दिल्याशिवाय भिंतीला ड्रिल लागणार नाही. कंदिलापर्यंत फक्त २४ व्होल्ट जाईल. २३० व्होल्टची जोडणी गच्चीवरच्या खोलीतच, तीही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर.

एकूण खर्च ७४,००० रुपये. त्यातले ४३,००० सांगाडा, दोऱ्या, हुक, विंच आणि तपासणीचे, दिव्यांना २२,०००, वायरिंगला ९,०००. आजवर २६,५०० जमले आहेत, ४७,५०० कमी पडतात. हुक आणि बोल्ट दिव्यांसारखे मिरवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी पैसे मागणं अवघड जातं. तरी मागतो, कारण खाली आपलीच पोरं उभी असणार.

जिन्याखालच्या मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी ७ ते ९ वर्गणी स्वीकारली जाईल, क्यूआर कोडही तिथेच लावला आहे. ५० रुपयेही चालतील. पावती प्रत्येकाला मिळेल आणि हिशेब दर रविवारी फळ्यावर लिहिला जाईल. वेल्डिंग येणारा, परांची बांधणारा, मोठं ड्रिल मशीन असणारा कुणी असेल, तर एक रविवार द्या. दोरीचे क्लॅम्प उलटे बसले तर दोरी घसरते, तेव्हा हे काम माहीत असलेल्या माणसाचीच गरज आहे.

कंदील वसुबारसेला चढेल आणि त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरेल. तिसऱ्या मजल्यावरच्या बऱ्याच खोल्यांना आता कुलूप असतं. तिथली मंडळी दिवाळीत खोली उघडणार असतील, तर तेवढं आधी कळवा. वर्गणी नाही दिलीत तरी चालेल, पण वसुबारसेच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची दोरी ओढायला माणूस हवा.

आपले,
वाडीच्या उत्सव मंडळाचे कार्यकर्ते, गिरगाव