चिंचदेशाच्या तिजोरीत 1,250 रुपये टाका

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शालेय मंत्रिमंडळाला खर्चाचा अधिकार मिळण्याबाबत.
संदर्भ: नळाची तोटी.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस 58 पूर्ण झाली आणि मी सेवेतून मोकळा झालो. 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, त्यातली शेवटची 8 एका द्विशिक्षकी शाळेत. नोकरीत असतो तर हे पत्र लिहिलं नसतं, वर्तणूक नियम आडवे आले असते. आता पेन्शन वेळेवर यावी, एवढीच काय ती भीती उरली आहे.

त्या शाळेत मुलांनी एक देश काढला होता. पटांगणात चिंचेचं झाड आहे म्हणून नाव चिंचदेश. क्षेत्रफळ 11 गुंठे, लोकसंख्या 41, वर्ग पहिली ते चौथी. पूर्वेला चिंच, पश्चिमेला तारेचं कुंपण. त्या कुंपणाला एक भगदाड आहे आणि तिथून शेळ्यांची घुसखोरी चालते. आम्हा दोघा शिक्षकांना नागरिकत्व द्यावं का यावर सभा झाली. तिसरीतल्या एकाने विचारलं, "गुरुजी कितवीत आहेत?" विषय तिथेच संपला, आम्हाला मत मिळालं नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मात्र मत द्यावं असा चार-पाच जणांचा आग्रह होता.

दर जुलैत तिथं सार्वत्रिक निवडणूक व्हायची. आपल्या खात्याच्या शाळांमध्ये शालेय मंत्रिमंडळ असतं हे आपण जाणताच: मुख्यमंत्री, पाणीपुरवठामंत्री, स्वच्छतामंत्री, परिपाठमंत्री आणि ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो तो सहलमंत्री. निवडणूक कशी घ्यायची हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला कुणी शिकवायला नको. लोकसभा आणि विधानसभेची मतदान केंद्रं आमच्याच वर्गखोल्यांत असतात. केंद्राध्यक्ष म्हणून मी फळ्याखाली सतरंजी टाकून झोपलो आहे, पहाटे उठून अभिरूप (चाचणी) मतदानाची 50 मतं टाकून पुसली आहेत आणि रात्री 17 सी, म्हणजे मतांच्या हिशोबाचा नमुना, हातात धरून साहित्य जमा करण्याच्या रांगेत पेंगलो आहे. ते सगळं आम्ही मुलांना जसंच्या तसं उतरवून दिलं. दोन मोबाइल जोडून मतदान यंत्र केलं, एक बॅलट, एक कंट्रोल. मतदार यादी, बोटाला मार्करची शाई, पुठ्ठ्याचा आडोसा, 'नोटा'सुद्धा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नको'चं बटण. पहिलीतल्या एका मतदाराला बीप इतकी आवडली की तो आडोशातून बाहेरच येईना. "अजून एकदा वाजवू?" म्हणाला. एका उमेदवाराने गोळ्या वाटल्या तेव्हा आचारसंहितेचा भंग झाला. निवडणूक आयोगाने (चौथीतला मुलगा) गोळ्या जप्त केल्या आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या आयोगातच संपल्या.

या सोहळ्याचे फोटो आम्ही आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या मोबाइल ग्रुपवर टाकायचो. वरून अंगठे यायचे. मलाही बरं वाटायचं, ते कशाला लपवू?

मग तोटीचं प्रकरण झालं.

पाण्याच्या टाकीच्या तीन नळांपैकी मधल्याची तोटी गळायची. खाली कायम चिखल. चौथीतली एक मुलगी मुख्यमंत्रिपदाला उभी राहिली आणि तिचा जाहीरनामा एका ओळीचा होता: मधला नळ गळणार नाही. 39 जणांनी मतदान केलं. तिला 21, गोळ्यावाल्याला 15, नोटाला 3. शपथविधी झाला, फोटो गेले, अंगठे आले. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तोटी कधी आणायची?"

मी तिला समजावलं. शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाला संयुक्त अनुदान येतं, ते अजून आलेलं नाही. आलं की शाळा व्यवस्थापन समितीची सभा, ठराव, मग खर्च. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मग मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर ती रोज येऊन उभी राहायची, काही बोलायची नाही. शेवटी रविवारी बाजारातून मी पदरच्या पैशाने तोटी आणली आणि सोमवारी पान्हा घेऊन बसवली.

महोदय, माझ्या नोकरीतल्या चुका मोजायला बसलो तर ही वरच्या पाचात येईल. गावात झालं, गुरुजींनी तोटी आणली. मुलांतही तेच. आणि पुढच्या जुलैत जे उमेदवार उभे राहिले त्यांच्या जाहीरनाम्यांत एक नवं वाक्य आलं, सगळ्यांच्याच: "गुरुजींना सांगून आणीन." चेंडू गुरुजींना सांगून आणीन, सहल गुरुजींना सांगून काढीन. निवडून आलेला माणूस म्हणजे वरच्याला सांगणारा माणूस, हे नऊ-दहा वर्षांची पोरं एका वर्षात शिकली आणि शिकवलं मी. सरपंच आमदारांना निवेदन देतात, आमदार मंत्र्यांना देतात, हार-शालीसकट फोटो निघतो. आमच्या परिपाठातच त्याची तालीम झाली होती, शाई, बीप आणि नोटासकट.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही जुन्या वह्या आणि पेपरची रद्दी घातली. 640 रुपये आले. या वेळी मी ते कपाटात ठेवले नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून अर्थमंत्र्यांच्या हवाली केले आणि सांगितलं, काय आणायचं ते सभेत ठरवा, मी मागच्या बाकावर बसतो.

दोन दिवस भांडण चाललं. मुलांना चेंडू हवा होता, मुलींना दोरीउड्यांच्या दोऱ्या. पहिलीवाल्यांचं म्हणणं, पैसे सगळ्यांना वाटून टाका. मग तिसरीतली एक मुलगी उठली आणि खाली बघत म्हणाली, "मुलींच्या संडासला कडी पाहिजे." एकदम शांतता. तिच्या शेजारची म्हणाली, "एकीला दार धरून उभं राहावं लागतं." मी त्या शाळेत किती तरी वर्षं होतो. रोज शाळा उघडायचो, शौचालय स्वच्छ असल्याची माहिती भरून पाठवायचो. कडी तुटलेली आहे हे मला माहीत नव्हतं. तीन वेळा मुलींचं मंत्रिमंडळात बहुमत होतं, तरी ते माझ्यापर्यंत आलं नव्हतं, कारण गुरुजींना सांगायला लाज वाटते. डबा समोर आल्यावर लाज मागे पडली.

ठराव झाला. कडी 85, दोन दोऱ्या 120, चेंडू 180. हिशोब फळ्यावर लिहिला: खर्च 385, शिल्लक 255. डब्यात भरले 240. पंधरा रुपये कमी! दुसरीतल्या एका नागरिकाने विचारलं, "बिल कुठंय?" चौकशीत निघालं की क्रीडामंत्री वडिलांबरोबर बाजाराला चेंडू आणायला गेले होते, तिथे त्यांनी एक वडापाव खाल्ला. त्यांचं म्हणणं, मी शाळेच्या कामाला गेलो होतो, भूक लागली. यावर खरोखर दोन्ही बाजूंनी बोलणारी मुलं होती. एक म्हणाला, लांब गेलं की खायला लागतंच. दुसरी म्हणाली, मग आधी विचारायचं. शेवटी दर सोमवारी पाच, अशा तीन हप्त्यांत रक्कम वसूल झाली. प्रवासभत्त्याच्या प्रकरणांचा असा निकाल तीन आठवड्यांत लागलेला मी माझ्या सेवेत दुसरा पाहिला नाही.

आता मागणी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान आहे, त्यातले 10 टक्के स्वच्छतेसाठी राखायचे असतात. म्हणजे टक्केवारी राखून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तशीच आणखी 5 टक्के शालेय मंत्रिमंडळासाठी राखा. आमच्या शाळेला ते 1,250 रुपये होतात. कशावर खर्च करायचा ते मुलांच्या सभेने ठरवायचं, हिशोब महिनाभर फळ्यावर ठेवायचा, बिलं नेहमीसारखी मुख्याध्यापकाच्या फायलीत. व्यवस्थापन समितीवर दोन विद्यार्थी घ्यायचेच असतात, त्यातली निदान एक मुलगी. बहुतेक ठिकाणी हुशार आणि गप्प बसणारी दोन नावं शिक्षक लिहून टाकतात. मीही लिहिली आहेत. ती दोघं मुलांच्या मतदानाने निवडा, म्हणजे 1,250 च्या पलीकडचं काही असेल तर ते तिथं बोलतील.

हे पोरखेळ वाटत असेल तर दोन उदाहरणं देतो. स्पेनमध्ये ओरेन्से शहराजवळ 1956 साली फादर सिल्वा यांनी बेंपोस्ता नावाची मुलांची वसाहत काढली. तिला स्वतःचं चलन होतं, सीमेवर चौकी होती, मुलांनी निवडलेला महापौर होता आणि सर्कसही होती. आपल्याकडे राजस्थानात तिलोनियाला दिवसा गुरं राखणाऱ्या मुलांच्या रात्रशाळांची बालसंसद 1993 पासूनची. तिथले बालखासदार शाळेवर देखरेख ठेवायचे, शिक्षक आला की नाही हेसुद्धा बघायचे. हे शेवटचं वाचून माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतील, म्हणून मी फक्त कडी-तोटीपुरतंच मागतोय.

जाता जाता, खातं आपलं नाही तरी बोलतो. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका आपल्या राज्यात 1990 च्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने तरतूद परत आणली, 2019 ला गोष्ट वेळापत्रकापर्यंत गेली आणि थांबली. लोकसभेला 18 व्या वर्षी मत देता येतं, हे 1989 पासूनचं. माझा पहिलीतला मतदार पुठ्ठ्याआड बीप वाजवतो, खासदार निवडणारा त्याचा कॉलेजातला भाऊ वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्या खात्याचे मंत्री शेजारी बसले तर विषय काढा.

एक आक्षेप मला माहीत आहे. लेखापरीक्षणात कोण उत्तर देणार? मी देत आलो, माझ्यानंतरच्या बाई देतील. वडापावाची नोंद रजिस्टरला आहे, वसुलीसकट.

शाळा आता त्या बाईंकडे आहे. त्यांनी या जुलैच्या निवडणुकीला निरीक्षक म्हणून मला बोलावलंय. मतदान शनिवारी सकाळच्या शाळेत होतं, खिचडी उतरायच्या आत मोजणी आटपायची असते. आपण आलात तर मुलांना आवडेल. गाडी फाटकाबाहेर लावावी, आत त्यांची हद्द आहे. फाटकावर मतदान अधिकारी क्रमांक 1 बसलेला असेल, तो आपल्याला विचारील, कितवीत आहात.

आपला,
एक निवृत्त उपशिक्षक
(चिंचदेशात मताधिकार नाही)