‘खाशाबा’च्या प्रतीक्षेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येऊ घातलेल्या मराठी चित्रपटांविषयी आपल्या पुरवणीत वेळोवेळी मजकूर येतो आणि तो मी आवर्जून वाचतो. शिवकालावरचे भव्य चित्रपट मी पाहीनच. पण ज्याची मी मनापासून वाट पाहतो आहे, तो चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांनी जाहीर केलेला ‘खाशाबा’. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते आणि त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. आमच्या भागात हे नाव घराघरांत घेतले जाते. बाहेर मात्र अनेकांना ते आजही सांगावे लागते.

या चित्रपटाकडून माझी पहिली अपेक्षा कुस्तीविषयीची आहे. तालमीच्या हौदातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते. तिच्यात पाय रोवता येतो आणि घामाने पकड निसटू लागली की मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चोळून ती पुन्हा घट्ट करता येते. मॅटवर यांतले काहीच चालत नाही. शिवाय इकडे पाठ लागेपर्यंत चालणारी निकाली कुस्ती, तर तिकडे घड्याळ आणि गुण. १९४८ साली लंडनला खाशाबांना या सगळ्याला तोंड द्यावे लागले आणि तरीही ते सहावे आले. मातीवर पडणाऱ्या अंगाचा आवाज वेगळा आणि मॅटवर पडणाऱ्याचा वेगळा, हे प्रेक्षकाच्या कानापर्यंत पोहोचले, तर त्या सहाव्या क्रमांकाची किंमत आपोआप कळेल. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. तो तुकड्यातुकड्यांत कापून, संथ गतीने आणि कर्कश संगीत लावून दाखवण्याऐवजी एकदा तरी सलग, जसा लागतो तसा दिसावा.

दुसरी अपेक्षा त्याहून मोठी आहे. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीतून गावी आलेल्या या पैलवानाने पुढे कुस्त्यांचे फड भरवले, ते ते पैसे फेडण्यासाठी. मला ही हकीकत पदकाइतकीच मोलाची वाटते. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेल्या लांबलेल्या लढतीनंतर त्यांना विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उतरवण्यात आले आणि नियमावर बोट ठेवून भांडायला आपला एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. पुढे पोलीस खात्यात चाकरी झाली, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू आला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. चित्रपट पदकाच्या क्षणावर तिरंगा फडकवून संपला, तर या सगळ्याला न्याय मिळणार नाही, असे मला कळकळीने वाटते.

मंजुळे यांच्याविषयी मला भरवसा आहे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये त्यांनी गावची बोली आणि गावचे चेहरे जसेच्या तसे ठेवले, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या मुलांकडून काम करून घेतले, आणि ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतला फुटबॉल दाखवताना खेळापेक्षा खेळणाऱ्यांकडे अधिक पाहिले.

भरवसा वाटत नाही तो चित्रपटगृहांच्या वेळापत्रकाचा. मागे एका पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटाला आमच्याकडच्या एका चित्रपटगृहाने सकाळी पावणेदहाचा एकच खेळ दिला होता. मी रजा काढून गेलो, तेव्हा हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो, आणि चौथ्या दिवशी ‘प्रेक्षक नाहीत’ म्हणून तो उतरवला गेला. शेतावर, दुकानात किंवा शाळेत असलेला माणूस पावणेदहाला चित्रपट पाहायला येणार कसा, याचा विचार कोणी केला नव्हता. म्हणून वितरक आणि चित्रपटगृहमालक यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, ‘खाशाबा’ प्रदर्शित होईल तेव्हा कराड, पाटण, विटा अशा गावांतून त्याला संध्याकाळचा किंवा रात्रीचा खेळ मिळावा आणि किमान दोन आठवडे तो हलवू नये. आमच्या पेठेतल्या तालमीत संध्याकाळची मेहनत साडेसातला संपते. त्यानंतरचा एक खेळ मिळाला, तर तिथली पंचवीस पोरे मी स्वतः तिकिटे काढून घेऊन जाणार आहे.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, कराड